घुमटाला भेग, पायाशी पाणी: दख्खनमधल्या एका गावमशिदीच्या दुरुस्तीचं प्रकरण

गाव मराठवाड्याच्या दक्षिण भागातलं, काळ्या जमिनीचं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. दुरुस्तीचा आराखडा करणारा वास्तुविशारद म्हणून मी पहिल्या पाहणीपासून या कामात होतो, त्यामुळे खाली ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

मशीद लहान आहे. आतून साधारण ७ मीटरचा चौकोन, त्यावर एकच घुमट. पूर्वेला तीन कमानी, त्यांच्यावर घडीव दगडी हस्तांनी तोललेला रुंद छज्जा, वर कंगोऱ्यांची ओळ आणि दोन टोकांना आखूड मिनार. घुमट जिथून उठतो तिथे चुन्यात घडवलेल्या कमळपाकळ्या आहेत, म्हणजे लांबून पाहिलं तर घुमट एखाद्या कळीसारखा त्या पाकळ्यांतून वर आल्यासारखा दिसतो. हे सगळं विजापूरकडचं, आदिलशाही वळणाचं. भिंती काळ्या दगडाच्या, मीटरभराहून जाड. घुमट मात्र विटांचा आणि चुन्याचा.

चौकोनावर गोल घुमट बसवायचा तर आधी कोपऱ्यांचं काहीतरी करावं लागतं. इथे चारही कोपऱ्यांत तिरपी कमान टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आहे. अष्टकोनाच्या कोनांवर विटांचे थर थोडे थोडे पुढे काढून वर्तुळ साधलं आणि त्या वर्तुळावर घुमट उचलला. विजापूरच्या गोलघुमटात (१६५६) हेच काम एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी करतात आणि त्यांच्यावर आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट उभा आहे. गावच्या गवंड्याने सात मीटरचा चौकोन झाकला. पण वजन कुठून कुठे उतरवायचं याची समज दोन्हीकडे एकच दिसते, आणि भर दुपारी त्या गारव्यात उभं राहून वर पाहिलं की त्या अनाम माणसाबद्दल मनात आदर दाटून येतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. या पट्ट्यात मातीत रचलेली दगडी घरं हजारो माणसांवर कोसळली. मशीद उभी राहिली. गिलावा पडला, कळस वाकला, तेवढंच. त्यानंतर ‘मजबुती’ म्हणून घुमटावर बाहेरून सिमेंटचा जाड थर दिला गेला आणि आतल्या भिंतींना ऑइलपेंट लागला. पुढे गावात बोअर झाली. सहनातला, म्हणजे मशिदीच्या अंगणातला, जुना हौद बुजवून वुजूसाठी (नमाजीआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी) दक्षिणेच्या भिंतीलगत नळांची रांग बसवली. हौदाचं पाणी कुंपणाबाहेरच्या लिंबाच्या झाडांकडे नेणारी दगडी पन्हळ अंगणाच्या काँक्रीटखाली गाडली गेली. सिमेंटचा थर आणि ही गाडलेली पन्हळ, दोन्ही गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या.

अडचण

एका पहाटे फजरच्या नमाजीच्या वेळी आतल्या गिलाव्याचा मोठा पोपडा पहिल्या सफेच्या (नमाजींच्या रांगेच्या) जागी पडला. कुणाला लागलं नाही, पण जमात (मशिदीत येणारी मंडळी) हादरली. घुमटाला आतून पाच भेगा दिसत होत्या, पावसाळ्यात दोन ठिकाणी गळत होतं, भिंतींना कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारे क्षार) लागला होता आणि कळसाशी पिंपळ उगवला होता. शिवाय जुम्म्याला (शुक्रवारी) आणि रमजानच्या तरावीहला (रात्रीच्या खास नमाजीला) जागा पुरत नव्हती. ईदची नमाज ईदगाहवर होत असल्याने तेवढी एक चिंता नव्हती.

तालुक्याच्या एका ठेकेदाराने सांगितलं, घुमट फुटलाय, उतरवा आणि स्लॅब टाका. जमातीतल्या तरुणांना ते पटलं होतं. मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्ली चाचांना पटलं नव्हतं, पण का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “बाबा, भेग तर माझ्या लहानपणीही होती.”

या वाक्यामुळे पुढची दिशा ठरली.

तपास

घुमटाच्या भेगेला लोक घाबरतात ते स्वाभाविक आहे. पण अर्धगोल घुमटाचं वजनच असं वागतं की माथ्यापासून साधारण ५२ अंश खाली गेलं की विटांचे आडवे थर दाबाखाली न राहता ताणाखाली येतात. विटेला आणि चुन्याला ताण सोसत नाही, म्हणून घुमट खालच्या अंगाला उभा चिरतो. या चिरा तळाशी रुंद असतात आणि वर जाताना निमुळत्या होत विरून जातात. चिरलेला घुमट मग संत्र्याच्या फोडींसारख्या, एकमेकींना टेकलेल्या कमानींच्या रूपात उभा राहतो, आणि खालच्या भिंती बाहेर सरकत नाहीत तोवर शतकानुशतके उभा राहू शकतो. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला अशाच भेगा पडल्या तेव्हा १७४० च्या दशकात जोव्हान्नी पोलेनी यांनी वजनं अडकवलेली साखळी टांगून तिच्या आकारावरून घुमटातला भार अभ्यासला. भेगा असल्या तरी घुमट सुरक्षित आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही त्यांनी लोखंडी कडी बसवण्याचा सल्ला दिला. हा ‘तरीही’ आमच्याकडे पुन्हा आला.

परांची बांधून भेगा जवळून पाहिल्या. चार भेगा पुस्तकात काढाव्यात तशा: अंतराअंतरावर, खाली रुंद, वर बंद. पाचवी वेगळी होती. मेहराबकडे, म्हणजे पश्चिम भिंतीतल्या कोनाड्याकडे, तोंड केलं तर डाव्या हाताच्या, म्हणजे नैऋत्य कोपऱ्यात ती घुमटात न थांबता तिरप्या कमानीतून खाली उतरून भिंतीत गेली होती आणि जोत्यापर्यंत पोचली होती. घुमट फाकल्याने पडणारी भेग अशी जमिनीपर्यंत जात नाही. ही कोपरा हलल्याची भेग.

दरम्यान चाचांच्या घरातल्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो निघाला. कुणाच्या तरी निकाहचा, नवरदेवामागे मशिदीचा अंतर्भाग. भूकंपाच्या बऱ्याच आधीचा. त्यात चारपैकी दोन भेगा स्पष्ट दिसत होत्या. नैऋत्येची दिसत नव्हती, आणि तो कोपरा फोटोत पूर्ण आला होता.

त्या कोपऱ्याच्या बाहेर शेवटचा नळ होता. तिथे हाताने माती उकरली तर भर हिवाळ्यात ओली.

पहिला निर्णय: थांबायचं की नाही

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगेत हात जातो. माझा अंदाज असा: तीन कोपऱ्यांखालची माती ऋतूप्रमाणे वरखाली होते, चौथ्याखालची मात्र वुजूच्या पाण्याने बारमाही फुगलेली राहते. उन्हाळ्यात बाकीची इमारत केसभर खाली बसते, हा कोपरा बसत नाही, आणि भेग उघडते. अंदाज खरा असेल तर भेग मे महिन्यात रुंदावली पाहिजे.

ते तपासायला उन्हाळा यावा लागणार होता, आणि नोव्हेंबर चालू होता. डोक्यावर भेगाळलेला घुमट घेऊन सहा महिने थांबा, असं जमातीला सांगणं हा या प्रकरणातला सर्वांत कठीण क्षण होता. स्थापत्य अभियंत्याने नैऋत्येच्या कमानीखाली सागाचे टेकू दिले. सैल गिलावा झाडून काढला. नमाज सहनात मांडवाखाली आणली. प्रत्येक भेगेवर, ती हलली तर तडकतील अशा काचपट्ट्या चिकटवल्या आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे ठोकले, म्हणजे दर महिन्याला व्हर्नियर कॅलिपरने अंतर मोजता येईल. मोजायचं काम दहावीतल्या एका मुलीने घेतलं. विज्ञानाच्या सरांनी तिला कॅलिपर वाचायला शिकवलं होतं. वहीचं पहिलं पान तिने आखलं ते मला अजून आठवतं: पाच उभे रकाने, प्रत्येकावर भेगेचा क्रमांक, आणि शेवटी ‘शेरा’.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाचव्या भेगेवरच्या दोन्ही काचा तडकल्या. बाकीच्या चार भेगांवरच्या काचा जशाच्या तशा होत्या. पाऊस पडून जमीन भिजल्यावर खिळ्यांमधलं अंतर पुन्हा कमी झालं.

पर्याय

जूनमध्ये सगळी जमात बसली. चार वाटा समोर होत्या.

पाडून नवी बांधणं. मशीद राज्याच्या १९६० च्या किंवा केंद्राच्या १९५८ च्या पुरातन वास्तू कायद्याखाली संरक्षित नाही. गावोगावच्या अशा बहुतेक वास्तू नाहीतच. वक्फ (धर्मकार्यासाठी दिलेली मालमत्ता) म्हणून नोंद असल्याने वक्फ मंडळाची परवानगी लागली असती. पण खरा प्रश्न परवानगीचा नव्हता. नवी इमारत त्याच ओल्या-कोरड्या मातीवर उभी राहिली असती आणि स्लॅबलाही त्याच कोपऱ्यात भेग गेली असती. वहीतले आकडे दाखवल्यावर तरुणांपैकी बरेचजण इथे थांबले.

घुमटावर आणखी एक जलरोधक थर देऊन वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. स्वस्त आणि झटपट. पण पाणी वरून जेवढं येत होतं त्याहून जास्त खालून भिंतीत चढत होतं, आणि सिमेंट व ऑइलपेंटमुळे त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर घट्ट थर दिला की ओल आतच राहते, क्षार थरामागे साठून स्फटिक होतात आणि विटेचा पृष्ठभाग भुकटी करून टाकतात. आणखी एक थर म्हणजे हेच दुप्पट.

घुमटाच्या तळाभोवती काँक्रीटचा पट्टा. अभियंत्याचा सुरुवातीला याकडे कल होता. त्यासाठी कमळपाकळ्या फोडाव्या लागल्या असत्या आणि नरम वीटकामावर एक जड, ताठ कडं कायमचं बसलं असतं.

चौथी वाट: आधी पाणी वळवायचं, मग थांबायचं, मग सिमेंट काढून चुन्यात दुरुस्ती. सर्वांत लांबची, आणि मजुरीच्या दृष्टीने सर्वांत महाग. वारसा जतन करणाऱ्या इनटॅक संस्थेची २००४ ची सनद नेमकी अशा असंरक्षित वास्तूंसाठी आहे. वापरात असलेल्या वास्तूची दुरुस्ती शक्यतो परंपरागत कारागिरांच्या हातून, त्यांच्या साहित्यात व्हावी अशी तिची भूमिका. मी ती जमातीसमोर मांडली, पण निर्णय तिच्यामुळे झाला नाही. तो झाला एका जुन्या गवंडी काकांमुळे. त्यांच्या वडिलांनी चुन्याचं काम केलेलं. ते म्हणाले, “चुना मी लहानपणी तुडवलाय. चुना दळायच्या घाणीचं चाक वेशीपाशी पडलंय. बैल द्या.”

काम

पावसाळ्यातच नळ ईशान्येला, उताराच्या बाजूला हलवले. अंगणाचं काँक्रीट भिंतीपासून हातभर कापून काढलं, जुनी पन्हळ मोकळी केली आणि ती पुन्हा लिंबांकडे सोडली. झाडं अजून तिथेच होती. त्यानंतर कोपऱ्याखालची माती सुकू लागली, आणि सुकताना कोपरा उलट बाजूने थोडा बसला. हे अपेक्षित होतं, तरी वहीतले आकडे उलटे फिरताना पाहून माझी झोप उडाली होती. टेकू होते म्हणून धीर धरता आला.

जानेवारीत घुमटाला हात घातला. सिमेंटचा थर छिन्नी-हातोड्याने, हातभर तुकड्यांत, समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने काढला, म्हणजे वजन एकाच अंगाला कमी होणार नाही. यंत्र वापरलं असतं तर विटाही निघाल्या असत्या. पिंपळ उपटला नाही. खोड कापलं, मुळं जागेवर मारली, सुकल्यावर पोकळी भरली. खालचं वीटकाम अपेक्षेहून बरं निघालं.

गवंडी काकांनी वेशीपाशी घाणी मांडली. कळीचा चुना हौदात भिजवून महिनाभर मुरवला. तो, सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) आणि वाळू समभाग घेऊन दगडी चाकाखाली दळली. पाण्यात गूळ आणि हिरडा आठवडाभर भिजत घातलेला. भट्टीत चुनखडीतून निघून गेलेला कर्बवायू भिंतीवर लावल्यावर चुना हवेतून परत घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. सुरखीमुळे तो ओलीतही धरतो. गावातली पोरं घाणीभोवती जमायची, आणि त्यांत सर्व जातीधर्मांची होती. बैल शेजारच्या पाटलांचे होते.

चार शांत भेगा आधी पाण्याने धुतल्या आणि पातळ चुना-सुरखीने तळापासून वर, नुसत्या उंचीच्या दाबाने भरल्या. पाचव्या भेगेत तुटक्या विटा काढून भेगेच्या आरपार जाणाऱ्या अखंड विटांचे टाके घातले.

पट्ट्याचा वाद शेवटपर्यंत चालला. भेगा शांत आहेत, मग कशाला, हे माझं म्हणणं. हा भूकंपाचा पट्टा आहे, मग का नाही, हे अभियंत्याचं. मी मागे आलो. पाकळ्यांच्या वर, गिलाव्याच्या जाडीत मावेल अशी गंजरोधक पोलादाची पातळ पट्टी बसवली. वीटकामाला धक्का नाही, आणि उद्या काढायची तर काढता येईल. साधं लोखंड असतं तर गंजून फुगलं असतं आणि गिलावा फोडला असता. आज विचारलं तर मी अभियंत्याच्या बाजूने आहे.

रंगाचा प्रश्न मला वाटला त्याहून नाजूक निघाला. ऑइलपेंट काढणं भागच होतं, पण मेहराबचा हिरवा रंग लोकांना हवा होता. पांढरा चुनाच मूळचा, हे माझं म्हणणं त्यांना कोरडं वाटलं. नमाज त्यांना पढायची आहे. चुन्यात टिकणारा हिरवा रंग चुन्याच्या पाण्यात मिसळून मेहराबला दिला. ओलही सुटते, आणि मेहराब हिरवाच आहे.

जागेच्या अडचणीवर उत्तर म्हणून उत्तरेला मशिदीपासून सुटी, हलक्या छपराची ओसरी बांधली. सहनात पुढे छत टाकलं असतं तर स्वस्त पडलं असतं, पण तीन कमानी कायमच्या झाकल्या गेल्या असत्या.

निष्पत्ती

दोन पावसाळे झाले. घुमट गळत नाही. पाचव्या भेगेवर बसवलेल्या नव्या काचा दोन्ही उन्हाळ्यांत टिकल्या. ओलीची रेघ कमरेवरून घोट्यापर्यंत उतरली. लोणा अजून येतो, कारण भिंतीत साठलेले क्षार निघायला वर्षं लागतील. दर हिवाळ्यात ओल्या मातीचे लेप लावून ते ओढून काढावे लागतात. जुम्म्याची गर्दी ओसरीत मावते, रमजानच्या शेवटच्या दिवसांत मावत नाही, आणि नवी मशीदच हवी होती असं म्हणणारे काहीजण आजही आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

नळ पहिल्याच भेटीनंतर हलवायला हवे होते. पुरावा हातात येईपर्यंत मी थांबलो, आणि त्या सात महिन्यांत कोपऱ्यात रोज पाणी मुरत राहिलं. माझा अंदाज चुकीचा ठरला असता तरी पायापासून पाणी दूर नेण्यात नुकसान काहीच नव्हतं. मोजमापासाठी थांबणं बरोबर होतं, पाण्यासाठी थांबणं चूक.

पाचवी भेग बुजवण्याआधी दुसऱ्या मे महिन्याचा आकडा पाहायचा म्हणून सगळं काम लांबलं आणि बाहेरचा शेवटचा हात मेच्या अखेरीस द्यावा लागला. चुन्याला ओलावा आणि सावली लागते. गोणपाट भिजवून पांघरली तरी उन्हाने तो भरभर सुकला, केसासारख्या चिरा पडल्या, आणि वळवाच्या एका सरीने उत्तरेचा भाग धुऊन नेला. तो ऑक्टोबरात पुन्हा केला. नैऋत्येची एक फोड तात्पुरती झाकून बाकीचा घुमट फेब्रुवारीतच पुरा करता आला असता. हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

आणि एक नुकसान भरून येणारं नाही. कमानीच्या खांद्यावरचा ऑइलपेंट खरवडताना चुन्यातलं गोल पदक उघडं पडलं. त्याच्या कडेला तांबड्या रंगाची बारीक वेलबुट्टी होती. मी त्या दिवशी गावात नव्हतो. सांगून ठेवलं नव्हतं की रंगाखाली रंग दिसला तर हात थांबवा. मजुराने प्रामाणिकपणे दिलेलं काम केलं आणि ब्रशने सगळं स्वच्छ केलं. दुसऱ्या बाजूचं पदक वाचलं, पण त्यावर वेलबुट्टीचे दोन ठिपकेच उरले होते. त्यांवरून सगळी वेल पुन्हा काढून द्या, असा आग्रह झाला. मी नाही म्हणालो. दोन ठिपक्यांवरून काढलेली वेल माझी झाली असती, त्या गवंड्याची नाही. जमातीने ते मानलं. ते दोन ठिपके आता जागेवर आहेत, आणि वही आता त्या मुलीच्या धाकट्या भावाकडे आहे.